लुइसॉनच्या कातड्यातला रुफिनो

पाराग्वारीच्या बाजाराला लागून रुफिनो ब्रीतेसचं केस कापायचं दुकान आहे. खुर्ची एकच, आणि तीही फक्त डावीकडे फिरणारी. दुसरीकडे वीस मिनिटांत होणारं काम इथे पाऊण तास चालतं. रुफिनोचा हात मंद आहे म्हणून नव्हे. हा माणूस कात्री थांबवून प्रश्न विचारतो आणि उत्तर पूर्ण ऐकल्याशिवाय पुढचा केस कापत नाही. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, न्हावी बोलका आहे. जुन्यांना ठाऊक आहे की उन्हाळ्यापासून सुरुवात करा, मांडिओका कंदाच्या भावापासून करा नाहीतर फुटबॉलपासून करा, रुफिनो गाडी फिरवून फिरवून एकाच ठिकाणी आणून उभी करणार.

“डॉन तासियो, हल्ली टीव्हीवर भीतीचं काही लागतच नाही, नाही का?”

“लागतं की. बातम्या लागतात.” डॉन तासियो रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेला. रेल्वे त्याच्याही आधी निवृत्त झाली, पण शिट्टी अजून त्याच्या खिशात असते.

“तसं नव्हे हो. आपल्या वेळचं म्हणतोय.”

“मग सरळ विचार ना, ‘शुक्रवारचा पाहुणा’बद्दल. दर महिन्याला विचारतोस, तरी लाजतोस कशाला?”

रुफिनो कात्री हवेत धरून उभा राहिला. “तो त्यातला लुइसॉन... तुम्हाला काय वाटतं, कुत्रा असेल की माणूस?”

“माणूसच. नवव्या भागात मनगटावर घड्याळ होतं त्याच्या. सव्वापाच वाजले होते.”

“म्हणजे तुमची भीती गेली?”

“उलट वाढली. आमची ही म्हणाली, मेला वेळ बघून येतो.”

रुफिनो मनापासून हसला. ते घड्याळ त्याचंच होतं.

आता हे सांगायलाच हवं. एक्क्याण्णव साली राजधानीतल्या एका वाहिनीवर दर शुक्रवारी संध्याकाळी सातला ‘शुक्रवारचा पाहुणा’ ही मालिका लागायची, तेव्हा अख्खी पाराग्वारी आपापल्या खुर्च्या उचलून, ज्याच्याकडे टीव्ही असेल त्याच्या अंगणात जाऊन बसायची. तेरेरेचा, पाला भिजवलेल्या थंडगार पाण्याचा, घोट हातोहात फिरायचा, आणि स्मशानाच्या भिंतीवरून ते काळं जनावर उतरलं की ज्याच्या हातात शिंगाचा पेला असेल तो प्यायचंच विसरायचा. ते जनावर होता रुफिनो. सव्वीसच्या सव्वीस भाग. नामावलीत लुइसॉनच्या पुढे नावाच्या जागी नुसते तीन ठिपके असत. वाहिनीला गूढ वाढवायचं होतं आणि रुफिनोला पोट चालवायचं होतं. शुक्रवारी जो लुइसॉन होतो त्याच्या वस्तऱ्याखाली शनिवारी मान कोण देणार? चित्रीकरण रविवारी आणि सोमवारी चालायचं. न्हाव्यांची दुकानं सोमवारी बंदच असतात, त्यामुळे तेही जमून गेलं. शेजाऱ्यांना त्याच्या बायकोनं, प्लासिदानं, सांगून ठेवलं की यांना मूळव्याध आहे, राजधानीत उपचार चालू आहेत. मग कुणी खोलात शिरलं नाही. पलीकडच्या बाईनं फक्त बसायला एक मऊ उशी शिवून दिली.

प्लासिदा सोडली तर गावात कुणालाही त्यानं तीस वर्षं ताकास तूर लागू दिली नाही. मतं मात्र गोळा केली. कुणी म्हणायचं, कातडं वासराचं होतं; कुणी म्हणायचं, बोकडाचं. पोस्टातली बाई म्हणायची, विधवेचं काम करणारी नटी इतकी रंगलेली की तिला बघून लुइसॉनच पळायला हवा होता. एका शिक्षकाचं मत होतं की आता हसू येईल, तेव्हा आपण भाबडे होतो. त्या दिवशी शिक्षकाचे कल्ले जरा वरखाली कापले गेले. पण बहुतेक जण बोलता बोलता आरशात स्वतःकडे बघत राहायचे. आईच्या मांडीवर तोंड खुपसून बोटांच्या फटीतून पाहिलेलं त्यांना आठवायचं, त्या अंगणातली आता हयात नसलेली माणसं आठवायची, आणि मग ते म्हणायचे, “भीती होती रे, पण काय मजेची होती. सगळे जवळ होते.” रुफिनोला ही वाक्यं ऐकायला फार आवडायचं. तो मान पुसत पुसत मुद्दाम उशीर लावायचा.

पण ज्याचं मत हवं होतं ते त्याला तीस वर्षांत मिळालं नव्हतं.

रुफिनो घरातला सातवा मुलगा. मध्ये एकही मुलगी नाही, सलग सातवा. अकाआयकडच्या त्यांच्या वाडीत याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. असा मुलगा मोठा झाला की मंगळवारी आणि शुक्रवारी त्याचा लुइसॉन होतो, थडगी उकरतो, आणि ज्याच्या दोन पायांमधून निघून जाईल त्यालाही आपल्यासारखा करतो. यावर उपाय एकच. थोरल्या भावानं धाकट्याचा धर्मपिता व्हायचं, बाप्तिस्म्याच्या पाण्यावर त्याला स्वतःच्या हातांनी धरायचं. म्हणून पंधरा वर्षांच्या कांदिदोनं अनवाणी तीन कोस चालत त्या तान्ह्या पोराला चर्चमध्ये नेलं. त्या दिवसापासून तो भाऊ राहिला नाही, पाद्रिनो झाला. रुफिनो रोज सकाळी उठल्यावर दोन्ही हात जोडून म्हणायचा, “आशीर्वाद द्या, पाद्रिनो.” आणि कांदिदो कामात कितीही गुंतलेला असला तरी उजवा हात वर करून म्हणायचा, “देव तुझं भलं करो, पोरा.” मग पोरानं नाश्ता करायचा.

वाडीनं काही हा उपाय मानला नाही. शाळेच्या वाटेवर पोरं रुफिनोकडे बघून भुंकायची. खेळात घ्यायची नाहीत, पायांमधून निघून जाईल म्हणून. तो कुंपणाबाहेर बसून खेळ बघायचा. कांदिदोनं त्यापायी दोघांचे दात पाडले, एकाच्या बापाशी मारामारी केली आणि एकदा पोलिसचौकीत रात्र काढली. शेवटी अठराव्या वर्षी त्यानंच धाकट्याला पाराग्वारीत आणून एका न्हाव्याच्या हाताखाली ठेवलं. “इथे तुला कुणी मोजलेलं नाही,” असं म्हणून तो पायी परत गेला.

आणि अशा माणसाच्या धर्मपुत्रानं काय करावं? मालिकेचा दिग्दर्शक एकदा केस कापायला आला. लुइसॉनचं काम करणारा नट उन्हानं चक्कर येऊन पडला होता, काम अडलं होतं. खुर्चीत बसून त्यानं सहज विचारलं, “इथे नीट विव्हळता कुणाला येतं?” दुकानातले सगळे हसले. रुफिनो त्यांच्या जाण्याची वाट बघत राहिला, मग दार लोटून घेतलं आणि विव्हळला. लहानपणभर लोक त्याच्यावर भुंकले होते, पण कुणी कधी हे मागितलं नव्हतं, तेही असं अदबीनं. दिग्दर्शकानं अर्ध्या कापलेल्या केसांनिशीच त्याला काम देऊन टाकलं.

तिसरा भाग झाल्यावर ईस्टरचा पवित्र आठवडा आला. रुफिनो वाडीला गेला. भट्टी तापली होती, चिपाच्या पावांचं पीठ मळणं चाललं होतं. त्यानं कांदिदोला कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं. मोठ्या आनंदात सांगितलं, तीच त्याची चूक. लोक टाळ्या वाजवतात, पाद्रिनो, असंही म्हणाला.

कांदिदोच्या कोपरापर्यंत पीठ होतं. तो म्हणाला, “ते जनावर तुझ्या अंगाला शिवू नये म्हणून मी तुला पाण्यावर धरलं. आणि तू आपण होऊन त्याचं कातडं पांघरलंस. शहरातल्या लोकांना हसवायला.”

रुफिनोनं हात जोडले. कांदिदोचा हात वर आला नाही.

भांडण असं नाहीच झालं. एकदाचं झालं असतं तर बरं झालं असतं. कांदिदो बोलायचा, जेवायला वाढायचा, गाईबद्दल सांगायचा, प्लासिदाच्या गुडघ्याची चौकशी करायचा. दरवर्षी रुफिनो जायचा, अंगणात शिरल्या शिरल्या हात जोडायचा. कांदिदो म्हणायचा, “ये, बस.” मालिका बंद झाली, कातडं वाहिनीच्या गोदामात सडलं, दोघांचे मधले पाचही भाऊ एकेक करून गेले, तरी “ये, बस”च्या पुढे गोष्ट सरकली नाही. कांदिदोनं मालिका एकदाही पाहिली नव्हती. तेव्हा वाडीत वीज नव्हती, आणि वीज आल्यावर त्याला बघायची इच्छा नव्हती.

आता कांदिदो ब्याऐंशीचा झाला. यंदा मोतीबिंदू काढायला तो पाराग्वारीत आला आणि आठवडाभर धाकट्याच्या घरी राहिला. सोमवारी डॉक्टरांना डोळा दाखवून तो परत जाणार होता. दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला मी काही येत नाही, एक पुरे, असं त्यानं आल्याच दिवशी जाहीर केलं होतं. पुन्हा तो पाराग्वारीत येण्याचं चिन्ह नव्हतं, आणि पुढच्या पवित्र आठवड्याला कोण असेल, कोण नसेल, याचा हिशेब रुफिनो करत नव्हता असं नाही. रोज सकाळी तो हात जोडत होता. रोज उत्तर येत होतं, “ये, बस.”

नेमकं त्याच महिन्यात वाहिनीला गोदामात ‘शुक्रवारचा पाहुणा’चे सहा भाग सापडले. बाकीचे फितींवर फुटबॉल चढवून पुसले गेले होते. ते सहा भाग दर रविवारी एक असे दुपारी तीनला दाखवायचं ठरलं, आणि प्रेक्षकांनी फोनवर आपली मतं बोलून पाठवावी, ती भाग संपल्यावर ऐकवू, असंही जाहीर झालं. पहिल्या दोन रविवारी रुफिनो टीव्हीसमोरून हलला नाही. हा तिसरा रविवार होता, आणि घरात कांदिदो होता.

जेवणं झाली. रुफिनोनं भावाची खाट आतल्या खोलीत, टीव्हीपासून लांबात लांब टाकली. “पडा जरा, पाद्रिनो. ऊन फार आहे.”

प्लासिदा ताटं आवरत होती. तिनं ताटं ठेवली, टीव्ही उचलला आणि ओसरीवर नेऊन मांडला. वायर पुरेना, तर शेजारणीकडून लांबची वायर आणली.

“हे काय चाललंय?” रुफिनो दबक्या आवाजात म्हणाला.

“दिसत नाही? डोळ्याचं काम भावाचं झालं, का तुझं?”

“प्लासिदा, उद्या ते जाणार आहेत. कशाला काडी टाकतेस?”

“तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या मानगुटीवर बसून मतं गोळा करतोयस. ज्याचं मत पाहिजे तो आत खाटेवर पडलाय, त्याला विचारायची छाती होत नाही. मी बाई थकले तुझी मूळव्याध सांभाळून.”

“कुणाला मूळव्याध?” कांदिदो दारात उभा होता. काळा चष्मा लावलेला, हातात काठी.

प्लासिदाच म्हणाली, “कुणाला नाही, पाद्रिनो. याची मालिका लागणार आहे. बघायची असेल तर खुर्ची आणते, नसेल तर खाट तिकडे आहे.”

रुफिनोनं मान खाली घातली. आता हे “ये, बस”सुद्धा जाणार, असं त्याला वाटलं. कांदिदो बराच वेळ काठीच्या टोकानं जमीन टोकरत राहिला. “आण,” तो शेवटी म्हणाला. “चांगली हात असलेली आण.”

भाग सुरू झाला. चित्र जुनं, रंग उडालेले, संगीत जरा जास्तच जोरात. स्मशानाच्या भिंतीवरून लुइसॉन उतरला. रुफिनो टीव्हीकडे बघतच नव्हता, भावाच्या तोंडाकडे बघत होता. त्या काळ्या चष्म्यामुळे काही कळेना. शेजारची पोरंटोरं कुंपणापाशी येऊन हसत होती की केवढं खोटं दिसतंय. प्लासिदानं त्यांना हाकललं.

मग तो प्रसंग आला. लुइसॉन शुक्रवारी स्वतःच्याच घरी येतो. आत आई आणि सहा भाऊ जेवायला बसलेले, दिवा लागलेला. दिग्दर्शकानं लिहिलं होतं की तो खिडकी फोडून आत उडी घेतो आणि किंकाळ्या ऐकू येतात. रुफिनोनं त्याला तेव्हा सांगितलं होतं, “नाही साहेब, तो आत नाही जाणार. तो बाहेर बसेल.” आणि कॅमेरा चालू असताना तो तसा बसला होता. उजेड जिथे संपतो त्याच्या जरा अलीकडे, गुडघे छातीशी घेऊन, एक हात कुंपणाच्या लाकडावर. विव्हळला नाही, हलला नाही. आत कुणी हसलं की त्याची मान तेवढी त्या बाजूला वळायची. एवढंच, चांगली दोन मिनिटं.

कांदिदोनं चष्मा काढला.

पडद्यावर आईनं बाहेर हाड फेकलं, कुणाला फेकतेय हे न कळता. मग गावकरी काठ्या घेऊन आले. लुइसॉन उठायला लागला, पण पळाला नाही. पहिली काठी वर गेली.

“अरे, मारू नका,” कांदिदो म्हणाला. मोठ्यानं नाही. जवळच उभ्या असलेल्या माणसाला सांगावं तसं. त्याचा उजवा हात खुर्चीच्या हातावरून उचलला गेला, पसरलेल्या बोटांनी टीव्हीच्या दिशेनं वर झाला आणि तिथेच थांबला. ओठ हलत होते. रुफिनोला शब्द ऐकू आले नाहीत, पण त्याला ते ऐकू येण्याची गरज नव्हती. तो आशीर्वाद त्याचा नव्हता, त्या कातड्यातल्या पोराचा होता, आणि शेजारी बसून मागायची त्याची हिंमत झाली नाही.

भाग संपला. कांदिदोचा हात कधी खाली आला कुणाला कळलं नाही. निवेदिका प्रेक्षकांचे आवाज ऐकवू लागली. एक माणूस म्हणाला, आमच्या अंगणात सत्तर माणसं बसायची. एकानं घड्याळाची गंमत सांगितली. कासापाची एक बाई सांगत होती, “ते खिडकीबाहेर बसणं मी जन्मात विसरणार नाही. त्या शुक्रवारी माझ्या आईनं पहिल्यांदा आमच्या कुत्र्याला घरात घेतलं. तो बिचारा नट नंतर ट्रकखाली गेला म्हणतात. कातड्याचाच शाप लागला. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो.”

प्लासिदानं छातीवर क्रूस काढला आणि मग आपण काय करतोय ते लक्षात येऊन हसू दाबलं.

कांदिदोला हसू आलं नाही. “काय म्हणाली ही? कोण ट्रकखाली गेला?”

“लोक बोलतात, पाद्रिनो,” रुफिनो म्हणाला. “जाऊ द्या.”

“जाऊ कसं देऊ? शाप म्हणाली ना ती? प्लासिदा, तो फोन दे. कुठे बोलायचं यात?”

“इथे, पाद्रिनो. हे दाबून धरते मी, तुम्ही बोला. पण नाव सांगितलंत तर सगळ्या गावाला कळेल.”

कांदिदोनं धाकट्याकडे पाहिलं. रुफिनोच्या डोळ्यांपुढून सगळी गिऱ्हाइकं गेली, सगळ्या माना गेल्या. डॉन तासियो, पोस्टातली बाई, तो शिक्षक. मग त्यानं मान हलवली. कळू दे.

कांदिदो फोनवर वाकला. समोरचा बहिरा असावा अशा आवाजात त्यानं सुरुवात केली.

“मी कांदिदो ब्रीतेस, अकाआयचा. बाई, तो नट मेलेला नाही. तो माझ्या शेजारी बसलाय. रुफिनो ब्रीतेस त्याचं नाव, पाराग्वारीत न्हावी आहे. माझा भाऊ आहे आणि धर्मपुत्र आहे. सातवा आहे. मी त्याला माझ्या हातांनी पाण्यावर धरलं, त्यामुळे शापबिप काही लागत नाही त्याला, हे सगळ्यांनी ध्यानात ठेवा.”

प्लासिदा बोट दाबून धरून उभी होती.

“तुम्ही मत मागितलंय. मी आजच बघितलं, बाकीच्यांनी तीस वर्षांपूर्वी बघितलं. मला वाटलं होतं, यानं पैशासाठी स्वतःचं हसं करून घेतलं असेल. तसं नाहीये. तो जसा कुंपणाबाहेर बसायचा तसाच बसलाय. मी तेव्हा पोरांचे दात पाडत होतो, त्याच्या शेजारी जाऊन बसलो नाही. तो तिथे किती वेळ बसायचा हे मला आज कळलं. काम चांगलं केलंय पोरानं. एवढंच.”

प्लासिदानं बोट उचललं. मत गेलं.

रुफिनो खुर्चीतून उठला होता. सदुसष्ट वर्षांचा माणूस, आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

“उभा काय राहिलास?” कांदिदो म्हणाला. “सकाळपासून माझं देणं राहिलंय. हात जोड.”

त्यानं हात जोडले. “आशीर्वाद द्या” ऐकायला कांदिदो थांबून राहिला नाही. त्याचा हात आधीच वर गेला होता.